कागदावरचे प्राध्यापक आणि रिकाम्या जागा

गेल्या महिन्यात आमच्या विभागाच्या माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या एका हॉटेलात झाला. विभाग दंत महाविद्यालयातला, ओरल पॅथॉलॉजीचा. तोंड, जबडा, दात आणि लाळग्रंथी यांचे आजार सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचं हे शास्त्र. बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतर एमडीएसच्या, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाच्या, ज्या नऊ शाखा आहेत, त्यांतली ही एक. सांगली, कराड, बेळगाव, पुणे, अगदी गोव्याहूनही मंडळी आली होती. पहिला तास बातम्यांचा. कोण रीडर (प्राध्यापकाच्या खालचं पद) झालं, कोणाची पीएचडी झाली, कोणाच्या मुलाचा मेडिकलला नंबर लागला, कोण दुबईला गेलं. टाळ्या वाजल्या, फोटो निघाले. मग ज्यांच्या हाताखाली आम्ही सगळे शिकलो ते सर उठले. वय आता सत्तरीच्या पुढे. म्हणाले, "यंदाही आपली एमडीएसची एक जागा रिकामी गेली. मुलं येईनात. विभाग बंद पडायची वेळ आलीय. तुम्ही आता मनावर घ्या."

सूचनांचा पाऊस पडला. चांगलं माहितीपत्रक काढू. नीट-एमडीएस ही प्रवेश परीक्षा दिलेल्या मुलांना आपण स्वतः फोन करू. पहिल्या वर्षाची फी वर्गणी काढून भरू. इंटर्नसाठी शाखेचं महत्त्व सांगणारी व्याख्यानं ठेवू. मी एवढंच विचारलं की माहितीपत्रकात नोकरीच्या रकान्यात आपण काय लिहिणार? कोणी काही बोललं नाही. जेवणाची वेळ झाली होती, विषय तिथंच राहिला.

तिथं जे अर्धवट राहिलं ते इथं पूर्ण लिहिते. आमच्या मंडळींपुरतं लिहीत नाही, कारण हा प्रश्न आमच्या शाखेच्या अस्तित्वाचा जेवढा आहे, त्याहून जास्त या जिल्ह्यात मिश्री लावणाऱ्या बायकांचा आणि तालमीच्या कट्ट्यावर मावा चोळणाऱ्या पोरांचा आहे. माझं म्हणणं सरळ आहे. मुलं येत नाहीत हे खरं, पण ती येत नाहीत याला मुलांपेक्षा आपण जबाबदार आहोत. त्यांच्या वाट्याच्या ज्या थोड्या नोकऱ्या होत्या, त्यांवर आपणच आपली नावं टाकून ठेवली. ती नावं काढून घेतल्याशिवाय एकाही मुलाला "ये" म्हणायचा आपल्याला अधिकार नाही.

आधी एक प्रसंग सांगते, म्हणजे ही शाखा रोजच्या जगण्यात कुठं लागते ते कळेल.

मागच्या पावसाळ्यात भुदरगडकडच्या एका तरुण डेंटिस्टचा फोन आला. एका बाईंच्या गालाच्या आत पांढरा चट्टा आहे, तुकडा काढलाय, पाठवतो. तुकडा एसटीच्या कंडक्टरकडून आला, मी स्टँडवर जाऊन घेतला. छोटी प्लास्टिकची बाटली, झाकणाला चिकटपट्टी, वर निळ्या पेननं नाव, वय 58 आणि दोन दिवसांपूर्वीची तारीख. झाकण उघडलं तर वासच नाही. तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मालिनचा वास नाकात चढतो, डोळ्यांत पाणी आणतो. आत सलाइन होतं. तुकडा दोन दिवस मिठाच्या पाण्यात पडून मऊ झाला होता. तरी मी तो पुढं पाठवला, पॅराफिनच्या ठोकळ्यात बसवून घेतला, मायक्रोटोमवर चार मायक्रॉनचे काप घेतले. गरम पाण्यावर ती मेणाची पट्टी सोडली की नीट पसरते. इथं ती पसरतानाच विरत गेली. स्लाइडवर पेशींच्या जागी गुलाबी धुकं. अहवालात काय लिहायचं? काही लिहिता येत नव्हतं.

त्या बाई स्वतः राजारामपुरीत माझ्या दवाखान्यात आल्या, मुलगा बरोबर. तीस वर्षं सकाळ-संध्याकाळ मिश्री. "परत कापायचं व्हय, डाक्टरीणबाई?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. चट्ट्याच्या कडेला जिथं थोडी लाल छटा होती तिथूनच तुकडा घेतला, कारण मध्यभागाच्या जाड पांढऱ्या थरात बरेचदा काही सापडत नाही, जे असतं ते कडेला असतं. या वेळी स्लाइडवर स्पष्ट दिसलं. वरच्या थरातल्या पेशी खालपर्यंत बेशिस्त झालेल्या, आणि एका ठिकाणी त्या थराची सीमा ओलांडून आत उतरलेल्या. कॅन्सर, पण अगदी सुरुवातीचा. महात्मा फुले योजनेतून ऑपरेशन झालं. परवा त्या परत तपासणीला आल्या, घरच्या शेंगा घेऊन.

त्या डेंटिस्टला मी रागानं फोन केला होता. सलाइनमध्ये बायॉप्सी? तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, आमच्या कॉलेजात हा विषय शिकवायला होतं कोण? बोर्डावर सहा नावं होती. आम्ही चार वर्षांत दोघांनाच बघितलं."

हे वाक्य मला झोपू देईना. त्याचं कारण मला माहीत आहे, आणि ते पुढं सांगणार आहे.

आकडे थोडक्यात. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात दर वर्षी तोंडाच्या कॅन्सरचे 1 लाख 40 हजारांहून जास्त नवे रुग्ण सापडतात. पुरुषांमध्ये हाच कॅन्सर सगळ्यांत पुढं आहे. तंबाखूच्या 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातला जवळपास दर चौथा प्रौढ माणूस बिनधुराची तंबाखू या ना त्या रूपात घेत होता. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण पानपट्टीवर मावा समोर चोळून मिळतो, आणि सुपारी आरोग्यदायी समजणारे लोक अजून भेटतात. सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 2004 मध्येच जाहीर केलं. माझ्याकडं एकोणीस-वीस वर्षांची पोरं येतात, तोंडात तीन बोटं उभी जायला हवीत तिथं दीड बोट जातं. "तोंड उघडंना झालंय, मिसळ खाल्ली की आग आग होतंय." या आजाराला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. 1952 मध्ये केनियातल्या भारतीय बायकांमध्ये तो पहिल्यांदा नोंदला गेला आणि लगेच 1953 मध्ये मुंबईच्या डॉ. जोशी यांनी आपल्याकडचे रुग्ण मांडले. म्हणजे सत्तर वर्षांहून अधिक काळ हा आजार आपल्याला माहीत आहे, आपल्याच माणसांचा आहे, आणि त्याचा अभ्यास करणाऱ्या शाखेची जागा दर वर्षी शेवटच्या फेरीपर्यंत पडून राहते.

सरकारी व्यवस्थेत पहिली पायरी आहे. गावातल्या आशाताई तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात. तोंडात दोन आठवडे न भरलेली जखम आहे का, चट्टा आहे का, तोंड उघडायला त्रास होतो का, हे त्यात विचारलेलं असतं. हे काम मन लावून करणाऱ्या आशाताई मी आजरा आणि राधानगरीत पाहिल्या आहेत. एकीनं तर मोबाइलच्या टॉर्चवर सासूचा चट्टा शोधला होता. पण फॉर्मवर खूण झाल्यानंतर तो माणूस कुठं जातो? उपकेंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून कोल्हापूर. चंदगडचा माणूस शंभर किलोमीटरहून जास्त अंतर कोल्हापूरला यायचं का बेळगावला जायचं, या विचारातच एक हंगाम घालवतो. ऊस तोडून झाल्यावर बघू म्हणतो. या साखळीत मधे कुठंतरी तोंड बघणारा, तुकडा नीट घेणारा आणि तो तुकडा वाचणारा माणूस हवा. वाचणारा माणूस घडवायची फॅक्टरी म्हणजे आमची शाखा.

आता मुलांच्या बाजूनं बघू. देशात तीनशेहून जास्त दंत महाविद्यालयं आहेत. एमडीएसला 2017 पासून नीट आली. त्यानंतर दर वर्षी तेच होतं. ऑर्थो (वाकडे दात सरळ करणं), एंडो (रूट कॅनाल), प्रोस्थो (कृत्रिम दात), सर्जरी, मुलांच्या दातांची शाखा वरच्या रँकला संपतात. ओरल पॅथॉलॉजी, पब्लिक हेल्थ, ओरल मेडिसिन यांच्या जागा स्ट्रे राउंडपर्यंत, म्हणजे अगदी शेवटच्या फेरीपर्यंत, उरतात. मग पात्रतेचं पर्सेंटाइल खाली आणतात. 2023 मध्ये खुल्या प्रवर्गाचं 50 वरून 30 च्याही खाली आणलं. तरी जागा उरतात. यावरून मुलं आळशी आहेत, पैशाच्या मागं आहेत, असं आपण म्हणतो. मी तसं म्हणणार नाही. बीडीएसची चार वर्षं आणि इंटर्नशिपचं एक, मग नीटच्या तयारीचं एखादं वर्ष, मग एमडीएसची तीन वर्षं. अठ्ठाविसाव्या वर्षी मुलगी बाहेर पडते. तिच्या हातात क्लिनिकचं कौशल्य तीन वर्षांपूर्वी होतं तेवढंच, किंवा थोडं कमीच, कारण तिनं तीन वर्षं सूक्ष्मदर्शकापुढं काढली. कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका गल्लीत चालत गेलात तर दातांच्या दवाखान्यांचे बोर्ड मोजत बसाल. त्यांत तिनं अजून एक उघडायचा, कर्ज काढून. दुसरा रस्ता म्हणजे कॉलेजात शिकवायचं.

आणि शिकवायच्या रस्त्यावर कोण उभं आहे, ते आता सांगते.

2014 साली मी कॉलेजची नोकरी सोडली. धाकटा मुलगा लहान होता, सासूबाई आजारी होत्या. काही महिन्यांनी दुसऱ्या एका कॉलेजातून फोन आला. गाव लांबचं, नाव लिहीत नाही. रीडरची जागा आहे, रोज यायची गरज नाही, कागदपत्रं द्या, मान्यतेच्या तपासणीच्या वेळी दोन-तीन दिवस या, दरमहा अमुक रक्कम खात्यावर येईल. ओळखीतल्या चार जणी हेच करत होत्या. घरी पैशाची निकड होती. मी हो म्हटलं. एक वर्ष माझं नाव त्या विभागाच्या बोर्डावर होतं.

तपासणीच्या दिवशी मी साडी नेसून गेले, ॲप्रन घातला, ठरवून दिलेल्या खुर्चीत बसले. तपासणी करणाऱ्यांनी स्लाइडचा संग्रह दाखवा म्हटलं. मला कपाट कुठलं तेच माहीत नव्हतं. भिंतीला लागून एक मुलगी उभी होती. एमडीएस होऊन वर्ष झालेली, ट्यूटरच्या पगारावर. वॅक्स कार्व्हिंगपासून (मेणात दात कोरण्यापासून) तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलपर्यंत सगळं तीच घेत होती, हे मला नंतर कळलं. तिनं पुढं येऊन माझ्या हातात किल्ली दिली आणि कानाशी म्हणाली, "मॅडम, उजवीकडचं, तिसरा कप्पा." मी कपाट उघडलं. तिनं पुन्हा भिंतीपाशी जाऊन उभं राहायचं होतं, ती राहिली.

पुढच्या वर्षी मी नाव काढून घेतलं. त्याबद्दल मी स्वतःला शाबासकी देत नाही, मुलगा शाळेत जायला लागला होता आणि दवाखाना बरा चालू लागला होता. ती मुलगी दोन वर्षांनी पुण्याला मेडिकल कोडिंगला गेली. अमेरिकेतल्या रुग्णांच्या बिलांना आकडे लावायचं काम. पगार चांगला आहे म्हणते. स्लाइड बघून किती वर्षं झाली विचारलं तर हसली.

ज्या खुर्चीत मी दोन दिवस बसले ती वर्षभर तिची होती. कागदावर मी होते म्हणून कॉलेजला तिला बढती द्यायची गरज पडली नाही. माझ्या नावावर कॉलेजचा शिक्षकसंख्येचा नियम पूर्ण झाला, तिच्या अंगावर काम पूर्ण झालं. असं करणारी मी एकटी असते तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. त्या दिवशी ताराबाई पार्कात बसलेल्यांपैकी कितीजणांचं नाव असं कुठंतरी लागलेलं आहे किंवा होतं, हे आम्ही सगळे जाणतो. बातम्यांच्या तासात "रीडर झाली" म्हणून टाळ्या वाजतात तेव्हा ती रोज जाते का, हे कोणी विचारत नाही. आणि आम्हीच मग मुलं येईनात म्हणून हळहळतो. मुलं येणार कशी? त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या वरची ताई भिंतीपाशी उभी आहे.

भुदरगडचा डेंटिस्ट ज्या कॉलेजात शिकला ते हे कॉलेज नव्हतं. पण बोर्डावरची जी चार माणसं त्यानं कधी बघितली नाहीत, त्यांत माझ्यासारखीच कोणीतरी असणार. त्याला फॉर्मालिनची बाटली आम्ही दाखवली नाही. दहा टक्के फॉर्मालिन, तुकड्याच्या दहा ते वीस पट, ताबडतोब. हे सांगायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं ज्यांच्या पगारात धरली होती ती माणसं घरी होती.

यावर सरांनी नंतर मला फोनवर जे सांगितलं तेही लिहिते, कारण त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ते म्हणाले, "तू म्हणतेस ते खरं आहे, पण नावं काढली तर विभागाची मान्यताच धोक्यात येईल. पदव्युत्तरच्या जागा जातील. आज दोन मुलं तरी येतात, उद्या तीही नाहीत." काही कॉलेजांत हे घडेल, मला मान्य आहे. पण सर, जो विभाग कागदावरच्या माणसांशिवाय टिकत नाही, तो आज काय टिकवतोय? फी टिकवतोय. शिकणं टिकवत नाही. दोन जागा गेल्या तर जाऊ देत. जिथं चार माणसं रोज येतात आणि रोज स्लाइड बघतात अशा विभागात दोन मुलं तयार झाली तर ती बोर्डावरच्या वीस नावांपेक्षा जास्त उपयोगाची आहेत. आणि कॉलेजला खरंच माणूस लागणार असेल, तर आमचं नाव निघाल्यावर त्याला त्या भिंतीपाशी उभ्या असलेल्या मुलीला खुर्ची द्यावी लागेल. पगारही द्यावा लागेल. मला तरी भरतीचा याहून खात्रीचा मार्ग दिसत नाही.

दुसरा आक्षेप डॉक्टर मंडळींकडून येतो. तुमच्याशिवाय काय अडतंय? पॅथॉलॉजिस्ट आहेतच की. आहेत, आणि कोल्हापुरात फार चांगले आहेत. अवघड स्लाइड असली की मी त्यांच्याकडं घेऊन जाते आणि त्यांनी कधी नाही म्हटलेलं नाही. गालाच्या कॅन्सरचं निदान ते माझ्याइतकंच करतात. अडतं ते जबड्यातल्या गाठींपाशी. न उगवलेल्या अक्कलदाढेभोवतीची साधी पिशवी, पुन्हा पुन्हा उलटणारी केराटोसिस्ट आणि जबडा पोखरत जाणारा अमेलोब्लास्टोमा या तिन्हींचा छोटा तुकडा स्लाइडवर एकमेकांसारखा दिसू शकतो. एक्स-रेवर पिशवी दाताच्या कुठल्या भागाला चिकटली आहे हे बघून मगच उलगडतं. आणि फरक मोठा आहे, एकात पिशवी सोलून काढून रुग्ण घरी जातो, दुसऱ्यात जबड्याचा भाग काढावा लागतो. आमचं शिक्षण तोंड, एक्स-रे आणि स्लाइड तिन्ही एकत्र बघायचं असतं. तसंच चट्ट्याच्या बदलाची पायरी ठरवणं. हलका, मध्यम का तीव्र, यावर काढायचं का लक्ष ठेवायचं हे ठरतं, आणि यात दोन अनुभवी माणसांचंही मत जुळत नाही. रोज तोंडच बघणारा माणूस या टेबलावर असावा, एवढंच माझं मागणं.

यातच सहीचा प्रश्न येतो. 2017 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लॅबच्या अहवालावर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाचीच सही चालेल. तो खटला तंत्रज्ञांनी चालवलेल्या लॅबचा होता आणि निकाल योग्यच होता. पण त्यानंतर मी ज्या लॅबसाठी तोंडाच्या स्लाइड बघत होते त्यांनी हात आखडला. आता मी मत देते, सही दुसऱ्याची असते. तीन वर्षं फक्त याच ऊतींचा अभ्यास केलेल्या माणसानं तोंडाच्या बायॉप्सीवर सही करायची का नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहिलेलं असलं पाहिजे. 1948 च्या दंतवैद्यक कायद्याची जागा घ्यायला 2023 मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत झाला. त्यात महाविद्यालयांची तपासणी आणि मानांकन करणारं स्वतंत्र मंडळ आहे, नोंदणी आणि आचारसंहितेचं स्वतंत्र मंडळ आहे. सहीचा प्रश्न आणि कागदावरच्या शिक्षकांचा प्रश्न हे दोन्ही तिथं मांडायचे आहेत. मानांकनासाठी आलेल्या माणसांनी विभागप्रमुखाला सोडून तिसऱ्या वर्षाच्या पाच मुलांना वेगळं बसवून विचारावं, की बोर्डावरच्या या नावांपैकी तुम्हाला कोणी शिकवलं? अर्ध्या तासात खरं बाहेर येईल.

ही शाखा फक्त कॅन्सरची नाही हेही मुलांना सांगायला हवं, सांगायचंच असेल तर. दिल्लीतल्या 2012 च्या निर्भया प्रकरणात आरोपींच्या दातांच्या खुणा जुळवण्याचं काम धारवाडच्या दंत महाविद्यालयात झालं आणि तो पुरावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला. धारवाड इथून तीन-चार तासांवर. दातांवरून वय ठरवणं, ओळख पटवणं, याची गरज आपल्या पोलिसांना नेहमी पडते. या कामाला मंजूर पद मिळालं तर त्यासाठी जीव टाकणारी मुलं मला माहीत आहेत.

मागच्या आठवड्यात राधानगरीची एक मुलगी आई-वडिलांसह दवाखान्यात आली. इंटर्नशिप संपलेली, वडिलांची दोन एकर शेती. "मॅडम, या रँकला ओरल पॅथ मिळतंय. घेऊ का? नाहीतर एक वर्ष परत देते." वडील गप्प बसून माझ्या तोंडाकडं बघत होते. मेळाव्यातल्या सूचनांप्रमाणं मी तिला "ये" म्हणायला हवं होतं. तिच्यात ते होतं. मी टेबलावरची एक स्लाइड दाखवली तर तिनं वीस मिनिटं मान वर केली नाही. मी तिला सगळं सांगितलं. फी किती, मधे सोडली तर काही ठिकाणी उरलेल्या वर्षांचे पैसे मागतात ते, आमच्या बॅचमधल्या कोणाचं काय झालं ते, कपाटाच्या किल्लीचंही सांगितलं. जागा घेण्याआधी त्या विभागात सकाळी दहा वाजता न सांगता जाऊन कोण कोण खुर्चीवर आहे ते बघ, असंही सांगितलं. वडील जाताना म्हणाले, "खरं सांगितलंसा, बरं झालं." ती काय ठरवेल ते मला ठाऊक नाही, आणि ती आली नाही तर मी तिला दोष देणार नाही.

आमच्या माजी विद्यार्थ्यांनी काय करावं, तर पहिलं हे की बातम्या पूर्ण सांगाव्यात. आमच्या विभागातून आजवर बाहेर पडलेला प्रत्येकजण आज कुठं आहे, काय काम करतो, शाखेचं काम करतो का सोडलं, सोडलं तर का, हे एका वहीत लिहून काढावं आणि जागा विचारणाऱ्या प्रत्येक मुलासमोर ती वही ठेवावी. दुबईला गेलेला त्यात असेल, कोडिंग करणारीही असेल, फक्त दात काढणारी मीही असेन. दुसरं, ज्यांची नावं कुठं कागदावर आहेत त्यांनी ती या वर्षअखेर काढून घ्यावीत. हे कोणाला जाहीर सांगायची गरज नाही, फक्त करावं. तिसरं काम सरकारकडं आहे, आणि तिथं आपण एकत्र गेलो तर ऐकतील असं मला वाटतं. जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयात ओरल पॅथॉलॉजिस्टचं एक मंजूर, पूर्ण पगाराचं पद, आणि बाराही तालुक्यांतून तोंडाचे तुकडे त्याच्याकडं पोचवायची पक्की सोय. पत्र घेऊन पालकमंत्र्यांकडं, जिल्हा शल्यचिकित्सकांकडं, आमदारांकडं जायची माझी तयारी आहे. पद मंजूर व्हायला वर्षं लागतील. तोवर गडहिंग्लज, आजरा, चंदगडच्या ग्रामीण रुग्णालयांतल्या दातांच्या डॉक्टरांना फॉर्मालिनच्या भरलेल्या बाटल्या आपण देऊ शकतो, आणि आलेल्या स्लाइड आलटून पालटून बघू शकतो. पण इथं एक काळजी घ्यावी लागेल. फुकट सेवा एकदा सुरू झाली की पद कशाला हवं, असं विचारलं जातं. म्हणून किती बाटल्या आल्या, किती अहवाल दिले, किती कॅन्सर सापडले याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवायची आणि दर सहा महिन्यांनी ती पदाच्या मागणीला जोडायची.

पन्नास बाटल्या मी भरून ठेवल्या आहेत. प्रत्येकीवर मराठीत चिठ्ठी चिकटवली आहे: यात सलाइन घालू नका, पाणी घालू नका, तुकडा घेतल्याबरोबर यात टाका, कडेचा भाग घ्या. पहिली पेटी भुदरगडच्या त्या डेंटिस्टला पाठवली, त्याच कंडक्टरच्या हाती. दुसऱ्या पेटीसाठी आजऱ्याहून निरोप आला आहे. पुढचा मेळावा जानेवारीत आहे. मी वही घेऊन येणार आहे, आणि पहिल्या पानावर माझं नाव, त्याखाली 2014 ते 2015 आणि त्या कॉलेजात मी प्रत्यक्ष किती दिवस गेले ते लिहिलेलं असेल.